साठ वॉट पुरतात का? यामाहा ए-एस ३०१ आणि मुंबईतला हॉल

मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न ‘किती वॉटचा दाखवू?’ असाच विचारला जातो आणि बहुतेक गिऱ्हाइके त्याचे उत्तर खिशाकडे पाहून देतात. वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर स्पीकरच्या माहितीपत्रकात, खोलीच्या लांबीरुंदीत आणि ऐकणाऱ्याच्या सवयीत दडलेले असते. यामाहाच्या ए-एस ३०१ या इंटिग्रेटेड (आवाजाचे नियंत्रण आणि शक्तिवर्धन एकाच पेटीत असलेल्या) अ‍ॅम्प्लिफायरचे हे परीक्षण मुद्दाम त्याच प्रश्नाभोवती केले आहे. दर चॅनेलला ६० वॉट देणारा हा अ‍ॅम्प ‘कमी पडेल’ असे सांगणारे आणि ‘घरात इतके हवेत कशाला?’ असे विचारणारे असे दोन्ही पक्ष मला भेटले. दोघांकडेही आकडा होता, हिशेब मात्र कोणाकडेच नव्हता.

प्रथम वस्तूविषयी थोडक्यात. ए-एस ३०१ हा मोठा ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक असलेला, जुन्या घडणीचा, नऊ किलो वजनाचा अ‍ॅम्प आहे. पुढची पट्टी अ‍ॅल्युमिनियमची असून व्हॉल्यूमचा मोठा गोल खटका हातात भरीव लागतो. मागे नेहमीच्या लाइन इनपुटांबरोबर रेकॉर्ड प्लेयरसाठी एमएम फोनो, टीव्हीसाठी ऑप्टिकल, एक कोअ‍ॅक्शियल आणि सबवूफरसाठी एक आउटपुट दिलेला आहे. ब्लूटूथ आणि यूएसबी मात्र त्यात अंगभूत नाहीत, त्यामुळे मोबाइलवरून गाणी ऐकणाऱ्याला वेगळे साधन जोडावे लागते. पेटीची पुढून मागपर्यंतची खोली ३८७ मिलिमीटर, म्हणजे सव्वापंधरा इंच आहे आणि मागच्या तारांसाठी आणखी दोन-तीन इंच लागतात. सुताराकडून करवून घेतलेल्या सोळा इंची टीव्ही युनिटमध्ये तो बसेल असे गृहीत धरू नये. बसला तरी वरून हवा खेळती राहायला हवी, काचेच्या दारामागे कोंडून ठेवण्याची ही वस्तू नव्हे.

आता वॉटांकडे येतो. कंपनीने दिलेला आकडा असा आहे: ८ ओहमच्या भारावर (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या विरोधाचे माप), २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात, ०.०१९ टक्के विकृतीसह दर चॅनेल ६० वॉट. या वाक्यातला ‘६०’ हा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही. भार किती ओहमचा, वारंवारितेचा पट्टा कोणता आणि विकृती किती, हे सांगितल्याशिवाय वॉटाच्या आकड्याला अर्थच नसतो. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहिरातींसाठी नियम केला, तो नेमक्या याच कारणाने, कारण तोवर प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीचा वॉट मोजत होती. आपल्याकडे ज्यांनी नव्वदच्या दशकात टेप-डेक घेतले आहेत, त्यांना खोक्यावर ठळक छापलेले ‘पीएमपीओ’, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचा दावा, आठवत असेल. हातात सहज उचलता येणाऱ्या डेकवर हजार-हजार वॉट लिहिलेले असत आणि त्या आकड्याला मोजमापाचा कोणताही सर्वमान्य आधार नव्हता.

तो प्रकार गेला, पण त्याचा धाकटा वारस बाजारात आहे. तळहातावर मावणारे क्लास डी (वीज कमी वाया घालवणाऱ्या रचनेचे) अ‍ॅम्प अलीकडे स्वस्तात मिळतात आणि त्यांतले काही खरोखर चांगले वाजतात. मात्र त्यांच्या खोक्यावरचा आकडा पारखायचा असेल, तर सोबतच्या अ‍ॅडॉप्टरवरचे बारीक अक्षर वाचावे. ३२ व्होल्ट आणि ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर एकूण १६० वॉट देतो. क्लास डी मध्ये वीज फारशी वाया जात नाही हे खरे असले तरी दोन चॅनेल मिळून १६० वॉटांहून अधिक सातत्याने बाहेर पडणे शक्य नाही, मग खोक्यावर ‘३०० + ३००’ असे कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेले असो. यामाहाचे ६० वॉट हे अशा ३०० वॉटांशी तुलना करण्याजोगे नाहीत. ते वेगळ्या मापाने मोजलेले आहेत.

परीक्षण ज्या जागेत केले ती माहीममधल्या एका जुन्या इमारतीतला, दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब असा हॉल आहे. जमिनीवर लाद्या, एका भिंतीला खिडक्या, समोरच्या भिंतीजवळ स्टँडवर केईएफ क्यू १५० हे स्पीकर आणि तिथून अडीच मीटरवर बैठक. या स्पीकरची संवेदनशीलता ८६ डेसिबल आहे, म्हणजे ८ ओहमच्या हिशेबाने एक वॉट दिला असता स्पीकरपासून एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज मिळतो. घरगुती स्पीकरांत हा आकडा मध्यम, किंबहुना मध्यमाच्या किंचित खालचा समजावा. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या मैदानात आवाज ६ डेसिबलने उतरतो, त्या नियमाने अडीच मीटरवर ८ डेसिबल कमी व्हायला हवेत. पण बंद खोलीत भिंती आवाज परत देतात, म्हणून प्रत्यक्ष घट पाचेक डेसिबल धरली तरी चालते. दोन स्पीकर मिळून ३ डेसिबल परत मिळतात. याचा अर्थ दोन्ही स्पीकरांना एकेक वॉट दिला की बैठकीवर साधारण ८४ डेसिबल आवाज होतो. ८४ डेसिबल म्हणजे शेजारी बसलेल्याशी बोलताना आवाज चढवावा लागेल इतका.

रोजचे ऐकणे यापेक्षा बरेच कमी असते. पंचाहत्तर डेसिबलची सरासरी ही हॉलमध्ये भरपूर वाटते आणि तिच्यासाठी लागणारी शक्ती वॉटाचा आठवा भाग भरते. इथवर ऐकून ‘घरात इतके हवेत कशाला?’ म्हणणारा पक्ष खूश होईल. परंतु संगीत सरासरीवर चालत नाही.

तानपुरा आणि हार्मोनियमचा स्वर जवळजवळ सपाट असतो, त्याची सरासरी आणि त्याचे शिखर यांत फार अंतर नसते. पखवाजाच्या थापेचे तसे नाही. विलंबित आलापानंतर पखवाज सुरू झाला की पहिल्या ‘धा’चे शिखर आजूबाजूच्या सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर जाऊ शकते आणि ते सेकंदाच्या अगदी लहानशा अंशापुरतेच टिकते. दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट आणि दर १० डेसिबलला दसपट लागते, त्यामुळे सरासरीला वॉटाचा आठवा भाग मागणारे तेच ध्वनिमुद्रण १५ डेसिबलच्या शिखराला ४ वॉट आणि २० डेसिबलच्या शिखराला साडेबारा वॉट मागते. एखाद्या रविवारी दुपारी, शेजारी गावाला गेलेले असताना, सरासरी ८२ डेसिबलवर नेली आणि शिखरे त्याहून १८ डेसिबल वर गेली, तर मागणी थेट ४० वॉटांवर पोहोचते. चांगल्या मुद्रणातल्या लावणीची ढोलकी हीदेखील याच जातीची. याउलट आजकालची बरीचशी चित्रपटगीते मुद्रणातच इतकी दाबून सपाट केलेली असतात की ती कानाला मोठी वाटतात, पण अ‍ॅम्पकडे फार काही मागत नाहीत. दुकानातला डेमो बहुधा याच गाण्यांवर होतो, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कागदावरचा हिशेब प्रत्यक्षाशी जुळतो का, हे साध्या मल्टिमीटरने तपासता येते. प्रथम आपल्या ओळखीचे, मोठ्या चढउतारांचे ध्वनिमुद्रण लावून, टोन आणि लाउडनेस यांचे खटके सपाट ठेवून, आपण कधी काळी ऐकू अशा सर्वांत मोठ्या आवाजावर व्हॉल्यूमचा खटका नेला. मग अ‍ॅम्प बंद करून दोन्ही स्पीकरांच्या तारा काढल्या, अ‍ॅम्प पुन्हा सुरू केला आणि खटका जागचा न हलवता, त्याच साधनातून १०० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा सूर वाजवला. डिजिटल मुद्रणातले कोणतेही शिखर या सुराच्या शिखरापेक्षा वर जात नाही, म्हणून त्या वेळी स्पीकरच्या टर्मिनलवर दिसणारा एसी व्होल्टेज हा त्या खटक्यावर अ‍ॅम्पकडे होऊ शकणाऱ्या मागणीची कमाल मर्यादा सांगतो. व्होल्टेजचा वर्ग करून ८ ने भागले की वॉट मिळतात. रोजच्या ऐकण्याच्या खटक्यावर मीटरने ६.१ व्होल्ट दाखवले, म्हणजे साडेचार वॉटांच्या जरा वर. रविवारच्या, शेजाऱ्यांना सहन करावा लागणाऱ्या खटक्यावर १४.२ व्होल्ट आले, म्हणजे २५ वॉट, कागदावरच्या ४० वॉटांच्या आतच. ८ ओहमवर ६० वॉट म्हणजे २१.९ व्होल्ट, तिथवर पोहोचायला अजून पावणेचार डेसिबल शिल्लक होते.

हा प्रयोग करणाऱ्याने मीटरची दोन टोके एकमेकांना लागणार नाहीत याची काळजी घ्यावी, अन्यथा आउटपुट शॉर्ट होतो. स्वस्त मीटर वरच्या वारंवारितेला खोटे बोलतात, म्हणून सूर १०० हर्ट्झच्या आसपासचाच असावा. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पवर तर हा प्रयोग करूच नये, कारण स्पीकरच्या भाराशिवाय तो चालवणे त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला महागात पडू शकते.

८ ओहम हा आकडाही जसाच्या तसा घेण्याजोगा नाही. क्यू १५० चा नाममात्र इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) ८ ओहम असला तरी कंपनी स्वतःच त्याचे किमान मूल्य ३.७ ओहम सांगते, म्हणजे काही वारंवारितांना तो दुपटीहून जास्त करंट ओढतो. तिथे अ‍ॅम्पचा व्होल्टेज कोसळू नये ही खरी परीक्षा असते, आणि ट्रान्सफॉर्मरच्या वजनाला अर्थ येतो तो इथे. ए-एस ३०१ ची क्षणिक शक्ती कंपनीच्या माहितीपत्रकात ८, ६, ४ आणि २ ओहमला अनुक्रमे १००, १२०, १४० आणि १५० वॉट अशी दिली आहे. हे आकडे सलग चालणाऱ्या सुराचे नसून पखवाजाच्या थापेसारख्या क्षणभराच्या मागणीचे आहेत. ४ ओहमपर्यंत ते चढत राहतात आणि २ ओहमला चढण जवळजवळ थांबते, यावरून हा अ‍ॅम्प कुठवर निभावून नेईल याचा अंदाज बांधता येतो. मागच्या बाजूला इम्पीडन्सची एक कळ आहे. ८ ओहमच्या स्पीकरसाठी ती ‘हाय’वर ठेवावी, ‘लो’ची सोय ४ ओहमच्या स्पीकरसाठी आहे आणि अशा कळीने अ‍ॅम्पला मिळणारा आतला व्होल्टेज सहसा खाली येतो, म्हणून ‘सुरक्षित असावे’ एवढ्यासाठी ती तिकडे सरकवण्यात लाभ नाही.

‘स्पीकर १०० वॉटचा, तर अ‍ॅम्पही १०० वॉटचाच हवा’ हा दुकानातला लाडका सिद्धान्तही इथेच निकालात काढलेला बरा. क्यू १५० साठी १० ते १०० वॉटांचा अ‍ॅम्प सुचवलेला आहे. हा एक पल्ला आहे आणि त्यातला वरचा आकडा गाठण्याची सक्ती कोणी केलेली नाही. मात्र लहान अ‍ॅम्प ताणून वाजवला तर ट्वीटर (स्पीकरमधला उंच स्वरांचा लहान भाग) जळतो, हे म्हणणे पोकळ नाही. अ‍ॅम्पची व्होल्टेजची मर्यादा संपली की लहरीचे शिखर कापले जाते, तिचा माथा सपाट होतो, त्या कापलेपणातून वरच्या वारंवारितांची भर पडते आणि सरासरी शक्तीही वाढते. नाजूक तारेच्या ट्वीटरला ही भर सोसत नाही. हे टाळायचा उपाय म्हणजे आवाज फाटतो आहे असे कळताच खटका मागे घेणे, आणि तो उपाय ६० वॉटलाही लागू आहे व २०० वॉटलाही.

खटका किती वळला यावरून शक्ती ओळखण्याची सवयही सोडून द्यावी. सीडी प्लेयरसारखी साधने साधारण २ व्होल्ट देतात आणि इंटिग्रेटेड अ‍ॅम्पच्या लाइन इनपुटला पूर्ण शक्तीसाठी त्याहून बराच कमी व्होल्टेज पुरतो, त्यामुळे खटका पूर्ण वळण्याच्या कितीतरी आधीच अ‍ॅम्प आपल्या मर्यादेला पोहोचतो. ‘खटका घड्याळातल्या नऊच्या जागी असतानाच एवढा घुमतो, बारावर नेला तर काय होईल’ हे कौतुक खटक्याच्या रचनेचे असते, ट्रान्सफॉर्मरचे नव्हे.

यावरून ६० वॉट पुरतात हे दिसलेच. पण मुंबईत राहणाऱ्याचा खरा प्रश्न वरच्या टोकाला नसून खालच्या टोकाला आहे, आणि ए-एस ३०१ ची जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली ती याच टोकाची आहे. खिडक्या लावून, पंखा दोनवर ठेवून रात्री मोबाइलच्या मीटरवर या हॉलमधली शांतता ४५ डेसिबलच्या आसपास दिसते. खाली रस्ता, वर पंखा. म्हणजे आलापातला हळुवार भाग या गलक्याच्या वर यायला हवा. दुसरीकडे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेसाठी ४५ डेसिबलचीच मर्यादा घालतात, आणि नियम बाजूला ठेवला तरी भिंतीपलीकडे कोणाचे तरी लहान मूल झोपलेले असतेच. रात्री साडेदहानंतर हातात उरते ती साठ-पासष्ट डेसिबलची सरासरी, आणि तिला लागतो वॉटाचा ऐंशीवा भाग किंवा त्याहूनही कमी.

या पातळीवर कान बदलतो. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी बेल प्रयोगशाळेतून १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या वक्रांनी हे दाखवून दिले की आवाज जसा लहान होतो तसा खर्ज कानाला इतर स्वरांपेक्षा जास्त वेगाने कमी ऐकू येऊ लागतो. म्हणूनच रात्री हळू लावलेला तबला नुसता चाटीचा उरतो आणि डग्ग्याची घुमक नाहीशी होते. पुष्कळ अ‍ॅम्पना यावर उपाय म्हणून लाउडनेसचे एक बटण असते, जे दाबले की खर्ज एका ठरावीक मापाने वाढतो, मग खटका कुठेही असो. यामाहाने याऐवजी फिरवायचा खटका दिला आहे. तो ‘फ्लॅट’वर ठेवून व्हॉल्यूम आपल्या सर्वांत मोठ्या ऐकण्यावर लावायचा आणि मग व्हॉल्यूमला हात न लावता लाउडनेसनेच आवाज खाली आणायचा. तो मधले स्वर कमी करत जातो आणि खर्ज व तार त्या मानाने टिकून राहतात. खर्ज वर न उचलता मध्य खाली घेतल्यामुळे अ‍ॅम्पकडे जादा शक्तीची मागणी होत नाही. उलट टोनच्या खटक्याने खर्ज १० डेसिबल वाढवला, तर त्या पट्ट्यात दसपट वॉट लागतात.

रात्रीच्या पातळीवर मध्यलयीतला एक ख्याल आधी केवळ व्हॉल्यूम कमी करून आणि नंतर या पद्धतीने ऐकला. पहिल्या वेळी गायकाचा आवाज आणि तबल्याची चाट एवढेच समोर होते, तानपुरा पंख्यात मिसळून गेला होता. दुसऱ्या वेळी डग्ग्यावरची मींड, तळहात सरकवल्यावर येणारा तो ओढलेला स्वर, स्पष्ट ओळखता आला आणि तानपुऱ्याच्या खर्जाची तारही पंख्यापासून वेगळी काढता आली. फार खाली नेल्यावर शब्दांतला जोर जातो आणि गायक थोडा मागे सरकल्यासारखा वाटतो, तेव्हा खटका शेवटपर्यंत वळवण्याचे कारण नाही. ‘प्युअर डायरेक्ट’चे बटण दाबलेले असेल तर टोन आणि लाउडनेस दोन्ही बाजूला पडतात, नवा मालक ‘खटका बिघडला’ म्हणून दुकान गाठण्याआधी ते बटण पाहून घेईल तर बरे.

सबवूफर जोडण्याचा विचार असेल तर एवढे सांगतो की त्यासाठीचा आउटपुट खर्ज सबवूफरला पाठवतो, पण मुख्य स्पीकरांकडून तो काढून घेत नाही, म्हणून त्याने ए-एस ३०१ चा भार हलका होत नाही.

हा अ‍ॅम्प कोणी घेऊ नये? ज्यांचे स्पीकर ८२-८३ डेसिबलचे आहेत आणि ज्यांना मोठ्याने ऐकण्याची हौस आहे त्यांनी घेऊ नये, कारण इथे ४० वॉटांत होणारे काम तिथे ८० मागेल. ज्यांचा हॉल पंचवीस-तीस फुटांचा आहे, किंवा ज्यांचे उभे स्पीकर नाममात्रच ४ ओहमचे आहेत, त्यांनीही वरच्या ताकदीकडे पाहावे. परदेशातल्या नातेवाइकाकडून अ‍ॅम्प मागवणाऱ्याने तो २३० व्होल्टचा असल्याची खात्री करावी. अमेरिकेतला १२० व्होल्टचा नग इथे थेट चालत नाही. उरलेल्यांना दुकानात याच घराण्यातला ए-एस ५०१ दाखवला जाईल, ८५ वॉटचा. ६० आणि ८५ यांतला फरक दीड डेसिबल आहे. एकच गाणे एकापाठोपाठ एक लावून लक्षपूर्वक ऐकले तर तो कळतो, एरवी कळत नाही. त्या जादा पैशांतून मी बैठक आणि स्पीकर यांच्यामधल्या लाद्यांवर जाड गालिचा घातला आणि खिडक्यांना भरड कापडाचे पडदे लावले. पूर्वी या हॉलमध्ये टाळी वाजवली की भिंतींमधून एक झणझणाट परत येत असे. तो बराच कमी झाला आणि ढोलकीची शाई आता आपल्या जागी वाजते.